भादव्यातल्या गोळ्या

मी तापट आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणी दचकायला नको. सौसरला मास्तरच्या घरी जन्मले, नागपूरला डॉक्टरकी शिकले आणि ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्याला बाजाराच्या मागच्या गल्लीत दवाखाना टाकला. लोक म्हणायचे, बाईच्या हाताला गुण आहे, पण तोंड फार चालतं. चालायचंच. पेशंटच्या वतीनं कुणीतरी तोंड चालवायला नको?

दवाखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी होती. 'पाळी म्हणजे विटाळ नव्हे.' रंगाऱ्यानं ती रंगवायला साफ नकार दिला. म्हणाला, 'बाई, हे असं मी बाजारात बसून लिहू काय? लोक काय म्हणतीन?' मग मीच त्याच्या हातातून ब्रश घेतला. अक्षरं तिरपी आली आणि शेवटचं 'नव्हे' जागा न उरल्यामुळं कडेला आखडून बसलं. पण पाटी लागली. मॅट्रिकच्या परीक्षेत माझी पाळी आली होती आणि आईनं मला तीन दिवस गोठ्याशेजारच्या ओसरीत बसवलं होतं. गणिताचं पुस्तक तिनं लांबून फेकलं, कारण माझा हात तिला लागायला नको होता. पुस्तक शेणात पडलं. त्या दिवशी मी जे काय ठरवलं, ते या पाटीवर होतं.

आता भादव्याचं सांगते. पोळा व्हायचा, दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे नदीवरच्या दगडफेकीच्या खेळात, फुटलेली डोकी मी शिवायची, आणि आठ दिवसांत महालक्ष्म्या यायच्या. पहिल्या दिवशी येणार, दुसऱ्या दिवशी जेवणार, तिसऱ्या दिवशी जाणार. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, सगळं सोवळ्यात, ओल्या लुगड्यानं, नैवेद्य होईपर्यंत उपाशी राहून. आणि रांधणाऱ्या बाईला नेमका तेव्हाच कावळा शिवला तर? म्हणून त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात बायकांची रांग लागायची. 'बाई, चार दिवस पुढं ढकलाची गोळी द्या.' मी काही न बोलता पाटीकडं बोट दाखवायची. त्या पाटी वाचायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, 'बराबर लिहिलं हाय, बाई. आता गोळी द्या.' मी चिडचिड करत गोळी द्यायची. काय करता!

या रांगेत जिला कधीच उभं राहावं लागलं नाही, तिची ही गोष्ट आहे. कापूस-संत्र्याची अडत असलेल्या एका घरातली ती सून. तीन सुनांतली मधली, म्हणून तिला मी मधलीच म्हणते. माहेर लोधीखेड्याचं. वय असेल तिशीचं, दिसायची पंचेचाळीसची. गल्लीत तिची ख्याती होती की हिला कधी अडचण येत नाही, ही बाहेर बसतच नाही. त्यामुळं घरातलं सगळं सोवळं तिच्या एकटीच्या अंगावर. मोठी जाऊ तीन दिवस बाहेर बसली की तिचं काम मधलीकडं, धाकटी बसली की तिचंही मधलीकडं. घरचं कमी पडलं म्हणून की काय, शेजारच्या बायकासुद्धा वाटीभर साखर मागावी तशी तिला मागून न्यायच्या. कुणाचं लोणचं घालायचं आहे, कुणाचा नवरात्राचा नैवेद्य आहे, कुणाकडं पापड आहेत. बोलवा मधलीला. तिच्या हातचं बाटत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं बरं का! मी त्याच गल्लीत राहत होते. पण सोवळ्याओवळ्याचा विषय निघाला की मी कानच बंद करून घ्यायची. फालतूपणा आहे, आपल्याला काय करायचं आहे. एक बाई आठ वर्षं बाहेर बसत नाही हे माझ्या डोळ्यांसमोर सगळी गल्ली कौतुकानं सांगून राहिली होती, आणि पाळीवर पाटी लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात दिवा लागला नाही.

ती दवाखान्यात यायची ती सासूच्या मागून. सासूबाई उंच, ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. खुर्चीवर त्या बसायच्या, मधली उभी. बाहेर मे महिना तापलेला आणि हिच्या अंगावर शाल. चेहरा फिक्कट, पापण्या सुजलेल्या, आवाज घोगरा, एकेक शब्द जागा शोधत बाहेर यायचा. उठलं की चक्कर, चाललं की धाप, जेवण जात नाही. मी विचारायची तिला आणि उत्तर यायचं सासूबाईंकडून.

'कमजोरी हाय, डॉक्टरीनबाई. बाटली चढवून द्या, म्हंजे हुशार होते.'

'पाळी ठीक आहे का हिची?'

'सगळं बराबर हाय. तुमी ताकतीचं लिहून द्या.'

मी केसपेपरवर 'पाळी नियमित' असं लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं, सलाईनची बाटली चढवली. बाटलीनं तिला खरंच चार दिवस बरं वाटायचं आणि मलाही वाटायचं की चला, लागू पडलं. असं दोन वर्षं चाललं. तो केसपेपर मी फाडला नाही. अजून माझ्याकडं आहे, कुणी नवा डॉक्टर फार शहाणपणा करायला लागला की काढून दाखवते.

मग महालक्ष्म्यांचा जेवणाचा दिवस आला. दुपारचे बारा वाजत आलेले. आमची गल्ली पुरणाच्या वासानं भरलेली आणि दवाखाना रिकामा, कारण त्या दिवशी आजारी पडायला कुणाला फुरसत नसते. तेवढ्यात मधलीचा नवरा हातठेला ढकलत धावत आला. ठेल्यावर ती, ओल्या लुगड्यातच, मान लटकलेली. मागून सासूबाई, हाताला पीठ.

'पहाटेपासून चुलीपाशी होती,' नवरा म्हणाला. 'पुरण वाटता वाटता पडली. बोलूनच नाई राहिली.'

नाडी हाताला लागेना. रक्तदाब इतका खाली की मी दोनदा पट्टा बांधून पाहिला. अंग गार. साखर उतरली असणार म्हणून शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा तिनं डोळे किलकिले केले. मरणाच्या किती जवळ होती ते मी कुणाला सांगितलं नाही. मी नुसती ओरडून राहिले होते, हे आणा, ते आणा.

माझ्याकडं एक नर्सबाई होत्या, वयानं मोठ्या, शेकडो बाळंतपणं पाहिलेल्या. त्यांनी पडदा ओढून तिचं ओलं लुगडं बदललं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, 'बाई, हिच्या अंगावर केस नाईत. काखेत नाईत, कुठीसाच नाईत. लहान पोरीवानी हाय सगळं.'

मी जागच्या जागी थांबले. मग वळून म्हटलं, 'काकू, तुम्ही बाहेर थांबा.'

'मी कायले? मी सांगतो ना काय विचाराचं थे.'

'तुम्ही दोन वर्षं सांगून राहिल्या, काकू. आता ती सांगेल. बाहेर!'

त्या गेल्या. दार मी माझ्या हातानं लावलं आणि तिच्याजवळ वाकले.

'पाळी शेवटची कधी आली होती?'

'पोरगी झाली तवापासून नाई, बाई.'

'पोरगी केवढी?'

'आठ वर्साची.'

'बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?'

'माहेरी झालं, लोधीखेड्याले. खाट भिजली, खालची जमीन भिजली. मले वाटलं, मी आता जातो.' आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. 'मंग दोन दिवसाचं काईच आठवत नाई.'

'दूध आलं होतं का?'

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. 'एक थेंब नाई. भावजयीनं पाजलं पोरीले. आई म्हने, माझंच मन कोरडं हाय.'

मला रडायला आलं आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचा. दूध आलं होतं का, एवढा एक प्रश्न. कॉलेजात आमच्या सरांनी शंभरदा सांगितलेला. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. पाळी, दूध, अंगातली ऊब, भूक, संकटात उभं राहायची ताकद, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतात. बाळंतपणात फार रक्त गेलं तर ती ग्रंथी रक्तावाचून वाळून जाते. बाई मरत नाही. एकेक हुकूम बंद होत जातो आणि बाई थंड पडत जाते. लोक तिला आळशी म्हणतात, कोरड्या मनाची म्हणतात. आमच्या गल्लीनं तर तिला पवित्र म्हटलं आणि कामाला लावलं.

त्यातला सगळ्यात नाजूक भाग असा, की अशा बाईची थायरॉइड मंद आहे एवढंच पाहून कुणी नुसती थायरॉइडची गोळी दिली तर ती बाई जाऊ शकते. आधी स्टेरॉइड, मग थायरॉइड. उलटं चालत नाही. सुजलेल्या पापण्या पाहून गेल्याच महिन्यात माझ्या मनात आलं होतं की थायरॉइडच्या गोळ्या सुरू करून पाहाव्या. केल्या नाहीत, कारण माझ्याकडच्या संपल्या होत्या. इतकंच. ती माझ्या हुशारीनं वाचली नाही, हे मी लिहून ठेवते.

रक्ताचा नमुना काढून घेतला आणि दम्याच्या पेशंटसाठी ठेवलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन तिच्या शिरेत दिलं. मग स्टूल ओढून बसून राहिले. दोन-तीन तासांत हात कोमट झाले. चारच्या सुमारास ती आपली आपण उठून बसली आणि म्हणाली, 'बाई, भूक लागली.' नर्सबाईंनी आपल्या डब्यातली भाकर तिला दिली. ती दोन्ही हातांनी धरून खात होती. नर्सबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, धूर येऊन राहिला. कुठला धूर? स्टोव्ह बंद होता.

बाहेर बाकावर सासूबाई. मला पाहून म्हणाल्या, 'नैवेद्य राहिला, डॉक्टरीनबाई. महालक्ष्म्या उपाशी हायेत.'

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'महालक्ष्म्या उपाशी हायेत? आणि तुमच्या घरची आठ वर्षं उपाशी होती ती? तिच्या अंगात जीव नव्हता, काकू, तुम्ही तिला चुलीपुढं उभी केली! मुडद्याला सोवळं नेसवलं तुम्ही!' रस्त्यावरचे लोक थांबून ऐकू लागले. ऐकू दे.

सासूबाईंनी पदर कपाळावर ओढला. मग म्हणाल्या, 'मी तिची सासू हाय, दुश्मन नाई. मले काय मालूम? मले वाटलं, देवीची किरपा हाय पोरीवर.' आणि हाताचं वाळलेलं पीठ खरवडत बसल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

नमुना थर्मासात बर्फ घालून रेल्वेनं नागपूरला पाठवला. रिपोर्ट आला, सरांचं पत्र आलं, निदान बरोबर निघालं. सकाळी स्टेरॉइडची एक गोळी आणि थोड्या दिवसांनी थायरॉइडची सुरू. जन्मभर. ताप आला, उलट्या झाल्या तर स्टेरॉइड दुप्पट. चुकवायची नाही, उपास धरायचा नाही. मी नवऱ्याला समोर बसवून हे तीनदा वदवून घेतलं. तो बिचारा शाळेतल्यासारखा म्हणाला.

भांडण झालं ते तिसऱ्या गोळीवरून. सरांनी लिहिलं होतं, तब्येत सावरली की पाळीच्या गोळ्याही द्या, हाडांसाठी आणि एकूण अंगासाठी बऱ्या. त्या काळी सरकारी दवाखान्यात लाल त्रिकोणाच्या पाकिटातल्या मिळायच्या, पोरं न होण्याच्या. त्याच. एकवीस दिवस घ्यायच्या, बंद केल्या की पाळी येते. हिवाळ्यात मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि सासूबाईंनी त्रिकोण ओळखला.

'अव्वा! हिले पोरं होत नाईत, अन् पोरं न होन्याची गोळी?'

मी समजावलं. त्यांना समजलं, लवकर समजलं. त्या हुशार होत्या. 'म्हंजे ही पन आता बाहेर बसन?'

'पाटी वाचा, काकू.'

'पाटी तुमच्या दवाखान्यात. माझ्या घरी महालक्ष्म्या हायेत.' मग जरा पुढं वाकून म्हणाल्या, 'बिमारी बरी करा, मी हात जोडतो. तिचा जीव वाचवला तुमी. पन ज्याच्यानं तिचं काई दुखत नाई, थे कायले वापस आनता?'

मी मधलीकडं वळले. 'तू सांग. गोळी तुझी आहे.'

ती जमिनीकडं पाहत म्हणाली, 'आता नको, बाई. भादव्यापाशी पाहू.'

'का गं? घाबरतेस का कुणाला?'

मी पाकीट खणात फेकलं. आठ दिवस माझं डोकं फिरलेलं होतं. मरणाच्या दारातून ओढून आणलेली बाई, आणि पुन्हा सासूच्या पदराखाली जाऊन उभी राहिली. नर्सबाईंना म्हटलं, या बायकांसाठी कोण तोंड झिजवणार? त्या म्हणाल्या, 'तुमीच झिजवान. दुसरं कोन हाय?'

पण बाकी ती बदलत होती, आणि ते पाहायला मजा यायची. होळीपर्यंत शाल गेली. आवाज मोकळा झाला. उन्हाळ्यात एक दिवस पदरानं गळा पुसत आली आणि मला हात दाखवून म्हणाली, 'पाहा बाई, घाम!' जसा काही दागिना दाखवून राहिली होती. बाजारात कांदेवालीशी तिनं वजनावरून कचाकचा भांडण केलं, ते अर्ध्या गल्लीनं ऐकलं. पण सोवळ्याचं काम तिच्याकडंच होतं. आता तर अंगात ताकद आलेली, म्हणून दुप्पट. शेजारणीही पुन्हा मागायला येऊ लागल्या.

श्रावणात, राखीच्या तीन-चार दिवस आधी, ती एकटी आली. एकटी, पहिल्यांदा. खुर्चीवर बसली नाही, सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं जाऊन उभी राहिली.

'बाई, थ्या गोळ्या किती दिवसाच्या?'

'एकवीस.'

'बंद केल्यावर किती दिवसानं येते?'

'दोन-तीन दिवसांनी. पहिल्यांदा आहे, एखादा दिवस इकडं-तिकडं होईल.'

तिचं बोट कॅलेंडरच्या चौकटींवरून सरकत राहिलं, ओठ हलत होते. एकदा पुढं गेली, पुन्हा मागं आली, पुन्हा मोजलं. मला वाटलं, पोरीच्या शाळेचं काही असेल.

'परवापासून घेतो. द्या.'

मी खण उघडून पाकीट दिलं, कशा घ्यायच्या ते सांगितलं. वर तोंडभर ऐकवलंही, 'आली ना शेवटी अक्कल?' ती हसली आणि गेली. पोळा झाला, गोटमार झाली, डोकी शिवली, आणि पुढं ढकलण्याच्या गोळ्यांची रांग लागली. त्या गडबडीत मी तिला विसरले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्या वर्षी मला त्यांच्या घरचं बोलावणं होतं. सासूबाई स्वतः येऊन कुंकू लावून गेल्या होत्या, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. दुपारी गेले. दारापासूनच कळलं की काहीतरी बिनसलं आहे. पंगत बसायची वेळ आणि पाटसुद्धा मांडलेले नाहीत. स्वयंपाकघरात मोठी सून घामानं निथळून राहिलेली, धाकटी भज्यांच्या कढईपुढं रडकुंडीला आलेली, आणि पासष्टीच्या सासूबाई ओल्या लुगड्यानं पाट्यावर पुरण वाटत बसलेल्या. मधली कुठंच नाही.

मी ओरडून विचारलं, 'कुठं आहे ती? पुन्हा पडली का?'

सासूबाई वरवंटा ठेवून उठल्या. रागानं नाक लाल. मागच्या दाराकडं हात केला. 'पाहा! कालपासून.'

मागच्या ओसरीवर मधली पोत्यावर बसली होती. पाठ भिंतीला टेकवून, पाय लांब पसरून. मांडीवर उकडलेल्या शेंगा. एकेक शेंग फोडून निवांत खात होती. माझ्याकडं पाहून तिनं मान हलवली, उठली नाही.

मग माझ्या डोक्यात कॅलेंडर आलं. राखीच्या आधी सुरू, एकवीस दिवस, वर दोन-तीन. अरे देवा! सगळं पांढुर्णं महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढं ढकलून राहिलं होतं आणि या एका बाईनं बोट ठेवून, मोजून, ती बरोबर महालक्ष्म्यांत आणून ठेवली होती. हिवाळ्यातलं 'भादव्यापाशी पाहू' मला आत्ता समजलं. ती घाबरली नव्हती. ती वाट पाहत होती.

'डॉक्टरीनबाई,' सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, 'थे पाटी तुमचीच ना? विटाळ नव्हे म्हनून?'

'माझीच.'

'मंग सांगा तिले. म्हना, ऊठ, आंघोळ कर अन् चुलीपाशी ये. मी मानली तुमची पाटी. या घरात आजवर कोनी मानली नाई, मी मानली. नाई विटाळ. बस? येऊ द्या तिले आत.'

मोठी पाहून राहिली, धाकटीची भजी जळून राहिली. आणि मी, जिचं तोंड कधी बंद पडत नाही, तोंड उघडं टाकून उभी. मॅट्रिकपासून ज्यासाठी भांडत आले ते समोर उभं होतं. या गल्लीतलं सगळ्यात कडक सोवळं माझ्यापुढं हात टेकून राहिलं होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. ऊठ.

तो शब्द मला बोलवेना. सोवळ्यानं तिला चुलीशी उभं केलं होतं, आणि आता माझी पाटीही तिला तिथंच उभी करणार होती.

मधलीच बोलली. शेंग फोडता फोडता, आवाज न चढवता.

'मी नाई उठत, आई. मी बाहेर बसलो हाय.'

'अवं, डॉक्टरीनबाईनं सोता लिहून ठेवलं हाय, विटाळ नाई म्हनून!'

'नसंन विटाळ. मी कुठी म्हनतो हाय म्हनून? पन मोठी वहिनी बसते तीन दिवस. धाकटी बसते तीन दिवस. दर महिन्याले. दोघींचं मी करतो. मी कधी बसलो?' तिनं टरफलं बाजूला सारली. 'पोरगी झाली तवापासून नऊ वर्सं. मी मोजलं, आई. तीनशे चोवीस दिवस होतात माझे. आज दुसरा हाय.'

मोठीनं पदर तोंडाला लावला. सासूबाई माझ्याकडं पाहत होत्या, मी काय म्हणते म्हणून.

मी सरळ ओसरीवर गेले आणि तिच्या पोत्यावर, तिला खेटून, तशीच पाठ टेकून बसले. आता मलाही कुणी शिवणार नव्हतं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, चांगला गरम होता.

'काकू,' मी म्हटलं, 'आमच्या दोघींची ताटं इकडंच पाठवा.'

सासूबाईंनी पदर खोचला. मग आत वळून धाकटीवर ओरडल्या, 'भजी जळून राहिली, तिकडं पाह्य! अन् दोन ताटं मागं नेऊन दे.' मधलीनं उरलेल्या शेंगांतल्या अर्ध्या माझ्या पदरात टाकल्या आणि पाय आणखी थोडे लांब केले.